नोकरी गेली, औषधाची चिठ्ठी राहिली

डॉक्टरांनी औषधे लिहून दिलेल्या कागदाला इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत 'पर्चा' म्हणतात, मुंबई-पुण्याकडे 'चिठ्ठी' म्हणतात. नाव कोणतेही घ्यावे, औषधाच्या दुकानात पैसे मोजल्याखेरीज त्या कागदाचा उपयोग नाही. ज्याचा पगार चालू आहे त्याला हे सहसा जाणवत नाही. पगार थांबला की घरखर्चात काटछाट सुरू होते. दूध कमी होते, शिकवणी बंद होते आणि मग पाळी औषधाची येते. ही काटछाट शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत नाही, पुष्कळदा घरच्यांनाही दिसत नाही. महिन्याच्या चिठ्ठीवर आठवड्याचीच औषधे घेतली जातात, दुकानदार पत्त्यातून चार गोळ्या कात्रीने कापून देतो, रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड होते. नोकरी गेलेल्या माणसाच्या औषधाचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाला आपल्या देशाने गेल्या ऐंशी वर्षांत काय काय उत्तरे दिली, ते येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. या इतिहासातील बरीचशी स्थळे आपल्या वाचकांच्या रोजच्या जाण्यायेण्यातील आहेत.

संस्थानी काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. संस्थानच्या किंवा धर्मादाय दवाखान्यात, ज्याला आपल्याकडे खैराती दवाखाना म्हणत, गेलेल्या रोग्याला कंपाउंडर मिश्रण करून देई. रोग्याने बाटली घरून न्यायची, तिच्यावर कातरलेल्या कागदी पट्टीने मात्रा दाखविलेल्या असत. औषधे मोजकी होती, त्यांचा गुणही मोजकाच होता. तेथे नोकरी आहे की नाही हे विचारण्याचे कारण नव्हते, कारण बहुसंख्य रोग्यांना महिन्याच्या पगाराची नोकरी मुळी नव्हतीच. प्रश्न उभा राहिला तो गिरण्या निघाल्यावर. इंदुरात होळकर सरकारने काढलेल्या गिरणीपाठोपाठ मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. ग्वाल्हेरीस जियाजीराव कॉटन मिल निघाली. हजारो कुटुंबांचा निर्वाह पगारावर चालू लागला आणि आजारपण म्हणजे पगार बुडणे, हे समीकरण घरोघर कळले. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने १९३१ मध्ये कामगारांच्या आजारविम्याचा विचार व्हावा असे सुचविले; पण पुढे बारा वर्षे ते कागदावरच राहिले.

मार्च १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडनाव मराठी, आणि अर्थशास्त्राचे अध्यापन अलाहाबादेस. म्हणजे आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर कार्य केलेल्या मंडळींत त्यांची गणना करावयास हरकत नाही. इंग्लंडात सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल नुकताच, डिसेंबर १९४२ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये आपला अहवाल दिला आणि पुढे त्यांना 'छोटे बेव्हरिज' असे म्हटले जाऊ लागले. कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू या तीन उद्योगांतील कामगारांपुरती त्यांची योजना होती. कामगार व मालक यांनी वर्गणी द्यायची, तिच्यातून आजारपणात रोख भत्ता आणि औषधोपचार मिळायचा.

या अहवालातील एका गोष्टीकडे आम्हांला वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. योजना यशस्वी व्हायची तर काही गोष्टी आधी व्हावयास हव्यात, असे आडारकरांनी बजावले होते. त्यांत पहिली अट अशी होती की, आरोग्यविम्याच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, बेकारीचा विमाही असावा. वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचीही अट होती. यामागील विचार सरळ आहे. वर्गणी पगारातून कापली जाणार. पगारच नाहीसा झाला की वर्गणी थांबणार आणि तिच्याबरोबर औषधही थांबणार. नोकरी गेलेला माणूस तर चिंतेने, अर्धपोटी राहण्याने अधिकच आजारी पडण्याचा संभव. त्याला नेमका त्याच वेळी विम्यातून बाहेर काढणारी योजना ही अर्धी योजना, हे आडारकरांनी ओळखले होते. सरकारने अहवाल घेतला, ही अट बाजूला ठेवली.

कर्मचारी राज्य विमा कायदा एप्रिल १९४८ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी ५ जुलैला इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. दोन्ही योजनांचे बीज एकाच काळातले. पण इंग्लंडातील सेवेत औषध मिळण्यासाठी नोकरीची अट नव्हती. चिठ्ठी असली की पुरे. १९५२ पासून तेथे चिठ्ठीमागे एक शिलिंग आकारणी सुरू झाली, १९६५ मध्ये ती रद्द झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा आली. पण पुन्हा आली तेव्हा मुले, वृद्ध आणि तुटपुंज्या उत्पन्नाचे लोक यांना तीतून वगळले गेले. आपल्याकडे औषधाचा हक्क कारखान्याच्या हजेरीपटाला बांधला गेला. नव्याने स्वतंत्र झालेल्या, फाळणीने होरपळलेल्या देशाला सर्वांसाठी सेवा परवडली नसती, हे खरेच. तरी बेकारीविम्याची अट न परवडणारी होती की केवळ गैरसोयीची होती, याविषयी आम्हांला शंका आहे.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचा आरंभ झाला. दिल्लीही त्याच दिवशी तीत आली. कानपूर व दिल्ली मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार विमेदार झाले. १९५४ व १९५५ या दोन वर्षांत नागपूर, मुंबई, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही केंद्रे आली. गुजरातेत ती १९६० नंतर पोचली. मुंबईत कामगार आपल्या वस्तीतील नोंदलेल्या खासगी डॉक्टरकडे, म्हणजे 'पॅनेल'च्या डॉक्टरकडे, जाई. इतरत्र बहुधा विम्याचे स्वतंत्र दवाखाने निघाले. इंदुरात नंदानगरच्या विमा रुग्णालयाला लोक आजही 'बीमा अस्पताल' या हिंदी नावानेच ओळखतात. या दवाखान्यांविषयी तक्रारी पुष्कळ होत्या. रांगा लांब, औषध ठरावीक, आणि 'विम्याची गोळी' हा शब्दच काहीसा हेटाळणीचा होऊन बसला होता. पण ती गोळी फुकट मिळत होती, आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात वाढीव भत्ताही मिळत होता, ही गोष्ट तिची किंमत कळलेला माणूस विसरत नसे.

योजनेला पगाराची कमाल मर्यादा होती. आरंभी ती दरमहा ४०० रुपये होती. वाढत वाढत जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपये झाली. मर्यादेच्या वर पगार असलेले हिशेबनीस, देखरेखीचे लोक, विक्रीवरील नोकर हे विम्याबाहेर. आपल्या घराण्यांतील कितीतरी माणसे याच वर्गात मोडत. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत वेगळी आरोग्ययोजना निघाली, आणि तिचा लाभ पुढे निवृत्तांनाही मिळत राहिला. खासगी पेढीवरच्या कारकुनाला मात्र ना कामगाराचे कार्ड, ना सरकारी नोकराचे.

आता कारखाना बंद पडल्यावर कार्डाचे काय होई ते पाहू. विम्याच्या हिशेबात वर्षाचे दोन भाग असत. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत भरलेल्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून हा लाभाचा काळ. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. तेव्हा डिसेंबरात गिरणीला टाळे लागले, तर आधीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात भरलेल्या वर्गणीच्या बळावर जूनअखेरपर्यंत औषध मिळे. त्यानंतर दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड चालत नसे. हा मधला काळ कामगारांच्या ध्यानात फारसा येत नसे. आज ना उद्या गिरणी पुन्हा सुरू होईल, या आशेवर तो निघून जाई.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येकांना पुन्हा कामावर जाता आले नाही, हे सर्वश्रुत आहे. इंदूरची हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. ग्वाल्हेरचे जियाजीराव कॉटन मिलही त्याच दशकात थंडावले. हुकुमचंदच्या ५,८९५ कामगारांच्या देण्याचा वाद न्यायालयात चालला आणि सुमारे २२४ कोटी रुपयांचे वाटप सुरू झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. त्या वेळी पुष्कळ कामगार हयात नव्हते. पैसे वारसांना गेले. ग्रॅच्युइटी आणि थकबाकी या रकमा उशिरा का होईना मिळू शकतात. न घेतलेली औषधे अशी मागाहून मिळत नाहीत. बंद गिरण्यांच्या इतिहासात कामगारांचे भूखंड, यंत्रसामग्री, कर्जे यांच्याविषयी पुष्कळ कागद सापडतील. त्या बत्तीस वर्षांत मधुमेह, दमा, छातीचे दुखणे असलेल्यांनी औषधाचे काय केले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

येथे नियमांतील एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाच वर्षे विमेदार राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या, अथवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगाराला नाममात्र वर्गणीवर, दरमहा दहा रुपयांच्या हिशेबाने, स्वतःसाठी व पत्नीसाठी विम्याचे औषध चालू ठेवण्याची सोय पुढे करण्यात आली. मालकाने टाळे ठोकल्यामुळे जो घरी बसला त्याला ही सोय लागू नव्हती, मग त्याची नोकरी वीस वर्षांची का असेना. आपणहून काम सोडणाऱ्याला औषध आणि काम हिरावले गेलेल्याला नाही, असा हा न्याय होता.

ही उणीव काही अंशी भरून निघाली ती १ एप्रिल २००५ पासून. त्या दिवशी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना अमलात आली. कारखाना बंद पडल्याने, कपातीने किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेलेल्या विमेदाराला पगाराच्या सुमारे निम्मा भत्ता, आणि त्या काळापुरता त्याला व कुटुंबाला विम्याचा औषधोपचार, असे तिचे स्वरूप होते. आरंभी पाच वर्षांच्या वर्गणीची अट होती आणि मुदत सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती वर्षाची झाली आणि पुढे २४ महिन्यांपर्यंत गेली. आडारकरांच्या अटीनंतर एकसष्ट वर्षांनी बेकारी आणि औषध यांची सांगड कायद्याच्या चौकटीत प्रथम बसली. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली नव्वद दिवसांपर्यंत रोख साहाय्याची आणखी एक सोय झाली. १९४८ चा मूळ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. विम्याची घडण मात्र नोकरीशी बांधलेलीच राहिली. आणि देशातील बहुसंख्य लोक शेतावर, ठेक्यावर, दुकानात, घरगुती कामावर पोट भरतात. त्यांची नोकरी कागदावर कधी लागलेलीच नसते, तेव्हा ती गेल्याचा दाखला ते कोठून आणणार?

म्हणून आमचे असे मत झाले आहे की, बेकार माणसाच्या औषधाला या देशात खरी मदत झाली ती बेकारांसाठी काढलेल्या योजनांनी थोडी आणि सर्वांसाठी औषध स्वस्त झाल्याने अधिक. ही दुसरी कथा वडोदरा, पिंपरी आणि हैदराबाद या तीन गावांतून जाते.

वडोदऱ्यात १९०७ मध्ये अलेम्बिक केमिकल वर्क्स निघाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन ही त्याच्या संस्थापकांची नावे. मराठी प्राध्यापक आणि गुजराती उद्योजक यांचा असा मेळ सयाजीरावांच्या राज्यातच बसावा. स्वातंत्र्यानंतर पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आय.डी.पी.एल.चा एक कारखाना सोव्हिएत मदतीने हैदराबादेत आला. पण कारखाने निघाल्याने किंमत उतरली नाही. जुन्या ब्रिटिश पेटंट कायद्यामुळे नवी औषधे परदेशी कंपन्यांच्या हाती होती. १९५९ पासून अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा भारतातील प्रतिजैविकांच्या किमती जगात सर्वांत चढ्या किमतींत मोडतात असे आढळले होते. गरीब देशाने श्रीमंतापेक्षा अधिक दाम मोजावा, ही लाजिरवाणी गोष्ट होती.

१९७० च्या पेटंट कायद्याने हे चित्र बदलले. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त ते बनविण्याच्या रीतीवर, आणि तेही फार तर सात वर्षे. हा कायदा एप्रिल १९७२ मध्ये अमलात आला आणि वेगळ्या रीतीने तेच औषध बनविणे देशी कारखान्यांना मोकळे झाले. हैदराबादेत आय.डी.पी.एल.मध्ये शिकून तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले आणि ते शहर औषधांचे मोठे केंद्र बनले. १९७० मध्येच किंमत नियंत्रणाचा आदेश निघाला. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये, औषधे कंपनीच्या छापाच्या नावाऐवजी मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूलद्रव्ये नियंत्रणाखाली आणली; १९८७ मध्ये ती १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. गिरण्यांना टाळी लागण्याचा आणि नियंत्रण सैल होण्याचा काळ एकच आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

याच काळात, १९८३ मध्ये, वडोदऱ्यात 'लोकॉस्ट' हा सार्वजनिक न्यास स्थापन झाला. अत्यावश्यक औषधे साध्या वेष्टनात, मूळ नावाने आणि बेताच्या किमतीत बनवून ती सेवाभावी रुग्णालयांना पुरविणे हे त्याचे काम. त्याच गोळीचा बाजारभाव अनेक पट अधिक असतो, हे लोकॉस्टने आपल्या दरपत्रकानेच दाखवून दिले. किंमत नियंत्रणासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांतही ही संस्था होती. २०१३ मध्ये नवा आदेश निघाला आणि राष्ट्रीय यादीतील सर्व अत्यावश्यक औषधे, त्या वेळी ३४८, नियंत्रणाखाली आली. मात्र किंमत ठरविण्याची रीत बदलली. पूर्वी उत्पादनखर्चावर ठरावीक वाढ धरीत. आता बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या छापांच्या किमतींची सरासरी आणि तीवर दुकानदाराचे सोळा टक्के धरू लागले. बाजार आधीच फुगलेला असेल तर सरासरीही फुगलेलीच निघणार, हा टीकाकारांचा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर एप्रिलात वाढीची मुभा असते; एप्रिल २०२३ मध्ये ती बारा टक्क्यांहून अधिक होती.

१ जानेवारी २००५ पासून पदार्थावरील पेटंट जागतिक करारामुळे परत आले. बेकारांना विम्याचे औषध मिळू लागले त्याच्या तीनच महिने आधी. तरी कायद्यात काही कवाडे राखलेली होती. मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीला यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एक औषध बनविण्याचा सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारे ते औषध ८,८८० रुपयांना देण्याचे ठरले. ८,८८० हीदेखील बेकाराच्या आवाक्यातील रक्कम नव्हे. पण एवढी रक्कम नातलग-मित्रांकडून उभी करता येते, पावणेतीन लाख दरमहा कोणाला जमणार?

फुकट औषधाची वाट मात्र राज्यांनी दाखविली. संसर्गजन्य रोगांपुरती ती आधीपासून होती. क्षय, कुष्ठरोग आणि २००४ पासून एड्स यांवरील औषधे सरकार नोकरी न विचारता देत आले आहे. त्यात करुणेइतकाच संसर्गाच्या भीतीचाही भाग असावा. मधुमेही आपल्या शेजाऱ्याला मधुमेह देत नाही, म्हणून तो मागे राहिला. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधे एकत्र, मूळ नावाने खरेदी करणारे महामंडळ स्थापन केले आणि सरकारी दवाखान्यांतून ती वाटली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून तीच रीत उचलली, मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने. केंद्राचे पहिले जनऔषधी दुकान २५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसरला उघडले; २०१४ पर्यंत चालू दुकानांची संख्या शंभराच्या आतच होती, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दहा हजारावे उघडले.

आपल्या मंडळींना या दोन वाटांविषयी एक संकोच आहे, तो येथे नोंदविला पाहिजे. सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहणे ज्या घराने तीन पिढ्यांत केले नाही, त्या घरातला पन्नाशीचा, नुकताच कामावरून कमी झालेला माणूस तेथे जात नाही. तो गोळ्या कमी करतो. शस्त्रक्रियेसाठी नातलगांत, मंडळात शब्द टाकला तर वर्गणी जमते, कारण तो एकदाचा आणि डोळ्यांना दिसणारा खर्च. दरमहा बाराशे रुपयांच्या गोळ्यांसाठी कोणी शब्द टाकीत नाही आणि टाकला तर दुसऱ्या महिन्यात देणाऱ्याचाही हात आखडतो. साध्या वेष्टनातील गोळी कमी गुणाची, ही समजूतही याच संकोचाची बहीण. गुणवत्तेची तपासणी सर्वच औषधांची कडक व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण महाग छापाचे औषध महाग असल्यामुळेच चांगले ठरत नाही.

२०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने रुग्णालयात दाखल झालेल्या गरिबाचा वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च उचलला. घरी सोडल्यानंतरची औषधे तीत पंधरा दिवसांपुरती येतात. सोळाव्या दिवसापासून हृदयविकाराच्या रोग्याला पुढे आयुष्यभर घ्यावयाच्या गोळ्या स्वतः घ्याव्या लागतात. त्या दिवशी त्याच्यापाशी नोकरी नसेल, तर त्याच्यासाठी सरकारी रुग्णालयातील मोफत औषधांची खिडकी आणि जनऔषधीचे दुकान ही दोनच ठिकाणे उरतात. खिडकीवर रुग्णालयाचीच चिठ्ठी लागते, आणि यादीतले औषध त्या दिवशी संपलेले असेल तर 'बाहेरून घ्या' असे सांगितले जाते. दुकानात मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी असली तर काम सोपे होते. म्हणून औषधाचे मूळ नाव ठळक अक्षरांत लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना तपासणीच्या वेळीच करून ठेवावी.